आईचं वाण

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या स्टेशनवर हमालांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. घरातून पळून आलेली पोरं फलाटावर दिसली की त्यांना गाठायचं, खाऊपिऊ घालायचं, बोलतं करायचं आणि सुखरूप घरी पोचवायचं, हे माझं काम. नुसतं गोड बोललं की पोरं थापा मारतात. म्हणून मी आधी दरडावते, मग चहा पाजते. आजवर हे जमत आलं होतं.

संक्रांत होऊन आठवडा झाला असंल. दुपारच्या गाडीतून एक पोरगं उतरलं आणि पिशवी पोटाशी धरून बाकड्यावर बसलं. नऊ-दहा वर्षांचं, अंगात शाळेचा शर्ट.

“नाव काय रे?”

“आकाश.”

“कुठं निघाली स्वारी?”

“आईकडं.”

मला हसूच आलं. सापडली की सगळीच पोरं आईकडं निघालेली असतात.

“आन् माय तिकडं घरी वाट बघत बसली असंल! दाव पिशवी.”

पिशवीत नवीकोरी स्टीलची वाटी, हिरव्या बांगड्या, हळदीकुंकवाच्या पुड्या, कागदात बांधलेले तिळाचे लाडू. सगळ्या बाईमाणसाच्या वस्तू. पळून येणारं पोर घरातलं काहीतरी उचलतंच. कुणी बापाचा मोबाइल, कुणी आईची पर्स. हे विकून वडापाव खायचा बेत दिसतोय, असं माझ्या डोक्यात आलं. आणि डोक्यात आलेलं माझ्या तोंडात थांबत नाय.

“चोरून आणलंस व्हय रे?”

त्यानं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि पिशवी ओढून घेतली. त्यानंतर त्यानं तोंड उघडलं नाय. चहा नाय, बिस्किट नाय. रात्री बालगृहात ठेवलं, तिथंसुद्धा ताटाला हात लावला नाय म्हणे. किती मुजोर पोर, म्हणून मी वर आणखी चडफडले.

शर्टावर शाळेचं नाव होतं. वैजापूरकडची शाळा निघाली. गुरुजींना फोन केला, त्यांनी घरी निरोप दिला. दुसऱ्या दिवशी चुलता कडुबा आणि आजी पारूबाई हजर. कागदपत्रं चोख होती. बालकल्याण समितीनं पोराला त्यांच्या ताब्यात द्यायला होकार दिला. मी म्हटलं, सुटले बाई एकदाची.

आकाशला बालगृहातून आणलं तर म्हातारीनं त्याच्या हातातल्या पिशवीत डोकावलं.

“अगं माय! हे तर माझ्या सुनंचं वाण!”

“म्हणजे?”

“ह्याची माय वो. दिवाळी झाली आन् दोघं नवरा-बायको ऊस तोडाया सांगलीकडं गेले. संक्रांतीला गल्लीतल्या बाया तिचं वाण माझ्याजवळ देऊन गेल्या. मी मेलीच बोलले, कुठलं येती ती आता, या साली तिचं वाण इथंच पडून राहतंय. ते ऐकलं यानं.”

आणि हा निघाला. रोटेगावच्या स्टेशनवर जी पहिली गाडी आली तिच्यात बसला. ती नेमकी उलट दिशेची, आमच्याकडं येणारी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईकडं चाललोय असं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

“आईला भेटवल्याशिवाय मी याला गावाकडं पाठवणार नाय,” मी म्हटलं.

“वा रं वा! आन् मंग आम्ही काय झक माराया आलो व्हय?” कडुबा तडकला. पण ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर त्यानंच लावून दिला.

बराच वेळ गेला. मग उसाच्या फडातून आई बोलायला लागली. फोन स्पीकरवर होता.

“मी घेऊन येते त्याला तुमच्याकडं,” मी म्हटलं. “भेटवते आन् लगेच परत आणते. समितीची परवानगी मी काढते.”

आकाश माझ्या तोंडाकडं बघायला लागला, कालपासून पहिल्यांदा.



“नका आणू ताई,” ती म्हणाली. “एकदा इथं आला की त्यो मागं जायचा नाय. आन् माझ्यानं बी त्याला लावून देणं व्हायचं नाय. मंग त्याच्या बी हातात कोयता येईल. त्याला शाळेत जाऊ द्या.” तिला हुंदका आला. “आक्या, ऐकतो ना रे? ताईंनी तुला सांभाळलं, ते वाण त्यांनाच दे. मला पोचलं, बाळा.”

फोन बंद झाला.

“चल रे, यष्टी निघंल,” कडुबा म्हणाला.

आकाशनं पिशवीतून वाटी काढली. मग बांगड्या, हळदीकुंकू, लाडवांचा कागद. सगळं माझ्या टेबलावर नीट मांडलं. मला रडू आवरेना.

“नको रे राजा, तुझ्याजवळच ठेव. आई आली की दे.”

त्यानं नाय म्हणून मान हलवली. रिकाम्या पिशवीची घडी घालून खिशात कोंबली.

“मी चोरलं नव्हतं,” तो म्हणाला, आणि चुलत्याच्या मागं निघून गेला.