वैऱ्याची शिफारस

"तुझ्या दुकानात मशीन आली, की ती आधी घरच्यांचा शेवटचा निरोप घेते," असं दाभणानं लिहिलं, आणि बुधल्याला एवढं हसू फुटलं की ओठांत धरलेला स्क्रू उडून थेट चहाच्या कपात पडला.

"आल्या वाटतं आजच्या शिव्या," शेजारच्या टेबलावर काजं-बटणं करत बसलेली त्याची बायको म्हणाली. "चेहरा कसा उजळलाय बघा! मी बोलले की मात्र कपाळाला आठ्या."

"अगं, तुझ्या बोलण्याला ती धार नाही."

"लावू का धार?"

तो शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा ऑनलाइन कट्टा होता. कुठकुठले कारागीर तिथं आपापली अडचण मांडत. कुठल्याही दुखण्यावर हा आधी तेल सुचवायचा, म्हणून दाभणानं तेलाच्या भांड्यावरून याचं नाव बुधला ठेवलं. दाभणाचं नाव अर्थातच यानं ठेवलेलं. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. खरं नाव, पत्ता, फोन, काहीच ठाऊक नव्हतं. पण दोघांची जुंपली की कट्टा असा तापायचा, की एका सभासदानं त्यावर इस्त्री गरम करून घेतली म्हणतात. मी काही बघायला गेलो नव्हतो, पण त्याच्या सदऱ्याची घडी मात्र झकास होती.

सरळ मदत मागायची म्हणजे दोघांनाही कमीपणा. त्यामुळं अडलं की बुधला लिहायचा, "दाभणा, तुझ्यासारख्या अडाण्यानं हात लावलेली एक मशीन आलीय. टाके सोडतेय." लगोलग उत्तर यायचं, "सुई उलटी बसवली असशील, उलट्या खोपडीच्या!" बुधला सुई फिरवून बसवायचा, टाके मुकाट्यानं रांगेत यायचे. आभार मानायचे तर आणखी एक शिवी हासडायची. आईबाप, रूप आणि गरिबी, यांना मात्र दोघांनीही कधी हात लावला नाही. असं काही ठरलं नव्हतं, पण मोडलंही नव्हतं.

आणि एका सकाळी दाभण गायब. कट्ट्याला नवा चालक आला होता. त्याचा बुधल्याला निरोप होता : "आपला सतत अपमान करणाऱ्या व्यक्तीला कट्ट्यावरून कायमचं काढलं आहे. आता निर्धास्त राहा."

बुधला असा निर्धास्त झाला, की दुपारपर्यंत त्यानं एकाच मशीनला पुन्हा पुन्हा तेल पाजलं. मशीन शेवटी तेल ओकायला लागली.

"काय झालं? सुतक आल्यासारखे काय बसलात?"

"त्याला काढलं."

"मग बोलवा की परत."

"कुठून बोलावू? त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही. मागच्या गल्लीत राहत असला तरी आता सापडायचा नाही मला."

बायकोनं सुई खाली ठेवली. "कट्ट्यावर लिहा मग. पण जरा नीट लिहा. माणसासारखं."

बुधल्यानं घाम गाळून लिहिलं. "दाभण हे अत्यंत सज्जन व अनुभवी कारागीर आहेत. त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो. त्यांना कृपया परत घ्यावे."

कट्ट्यावर हलकल्लोळ माजला. "हा बुधला नव्हेच!" "बुधला आणि दाभणाला सज्जन म्हणेल?" "खातं चोरलंय कुणीतरी, सावध व्हा रे!" चालकानं तत्परतेनं बुधल्याचंही खातं बंद केलं.

बायको इतकी हसली की मांडीवरची बटणं घरभर पसरली. "जन्मात एकदा कुणाचं कौतुक केलंत, आणि चोर ठरलात!" मग डोळे पुसत तिनंच कट्ट्याच्या मदतीचा नंबर शोधून लावला आणि फोन त्याच्या हातात कोंबला.

चालक निघाली एक तरुण मुलगी. "काका, तुम्हीच बुधला, असं समजू आपण. पण तो माणूस तुम्हाला उलट्या खोपडीचा म्हणतो!"

"बरोबरच म्हणतो. सुई उलटीच बसवली होती मी."

"म्हणजे?"

"तू त्याच्या शिव्या वाचल्यास पोरी. त्यांच्या पोटात काय असतं ते नाही बघितलंस. तुमच्या घरी मशीन आहे का?"

"आईची आहे. पण खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. मी खालचं सगळं खोलून साफ केलं, तरी होतोच."

"गुंता खाली दिसला म्हणून खालीच डोकं खुपसलंस?" बुधल्याचा आवाज चढला. "छप्पर गळतं म्हणून जमीन पुसत बसणाऱ्यातली दिसतेस! कापड दाबणारा पाय वर उचल, वरचा दोरा काढ आणि पहिल्यापासून नीट ओव. मग शिवून बघ. आणि मग सांग, तुझा अपमान झाला का ते."

बराच वेळ फोनमधून नुसती खुडबुड ऐकू आली. मग मशीनची खडखड.

"काका... सरळ शिवतेय."

"आणि अपमान?"

"झाला थोडासा." ती हसायला लागली. "पण मजा आली."

दुसऱ्या सकाळी दोघांची खाती सुरू झाली. दाभण आला तोच फणा काढून. "सज्जन? अनुभवी? अरे, माझी एवढी बदनामी उभ्या जन्मात कुणी केली नव्हती!"

बुधल्याच्या अंगात वारं शिरलं. "चुकलंच माझं. सज्जनपणा कशाशी खातात ते तुला काय ठाऊक! आत्ता पुसून टाकतो."

एरवी दाभणाचं उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत यायचं. आज येईना. चहा निवला, त्यावर साय धरली, तेव्हा कुठं आलं.

"आज राहू दे. संध्याकाळी लेक येणार आहे माझी. तिला वाचायला देतो. मग पूस, तेलकटा."

"काय म्हणतो तुमचा वैरी?" बायकोनं विचारलं.

"काय म्हणणार! भांडतोय."

दुरुस्त झालेली मशीन चालवून बघायची होती. त्यानं दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि सुईशी वाकला. दोरा नेढ्याच्या या बाजूनं गेला, मग त्या बाजूनं. बायको उठून आली, त्याच्या बोटांतून दोरा घेतला, एका झटक्यात ओवला आणि आपल्या बटणांकडे परत गेली.