थोरलीचा आवाज, धाकटीचं तोंड

धाकटी हेडफोन लावून उभी राहिली, तेव्हा पहिल्याच रांगेत थोरली हाताची घडी घालून बसली होती.

गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी ग्रंथपालबाईंनी दारोदार फिरून रेकॉर्ड केल्या होत्या. आज वाचनालयात गल्लीनंच त्या बोलून दाखवायच्या होत्या. रीत अशी, की कानात पडेल ते तसंच्या तसं तोंडातून काढायचं. खोकला, उसासा, अडखळणं, सगळं. आपल्या वाट्याचं आधी ऐकायचं नाही, कारण पाठ केलं की माणूस नटायला लागतो. आणि आपल्या घरचा आवाज आपण घ्यायचा नाही. चिठ्ठ्या टाकल्या, तर धाकटीच्या चिठ्ठीत नेमकं थोरलीचं नाव निघालं.

"अहो बाई, ती माझी सख्खी जाऊ!"

"भट्ट्या वेगळ्या ना तुमच्या? मग घरंही वेगळी," म्हणत बाईंनी चिठ्ठी तिच्या हातात कोंबली.

भट्ट्या वेगळ्या होत्या खऱ्या. सासरे गेले, भावाभावांनी बेकरीत भिंत घातली. अलीकडे थोरलीचे पाव, पलीकडे धाकटीची बिस्किटं. वास एकमेकांत मिसळायचे, पण जावा बोलायच्या नाहीत. चिठ्ठीचं कळल्यावर थोरलीनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, "माझं हसं केलं तर भर सभेतून उठून जाईन. मग धाकटीच्या दारात पाऊल टाकायची नाही." धाकटीला त्या भिंतीचा वीट आला होता, ती पडली तर हवीच होती. पण भीती वेगळीच होती. रेकॉर्डिंगमध्ये आपला उद्धार केलेला असला, तर आपल्याच तोंडानं आपल्याला शिव्या द्यायच्या?

बाईंनी मशीन सुरू केलं.

"हं... चालू झालं का? काय बोलू गं बाई, हे आपलं... ते," धाकटीच्या तोंडून थोरली बोलू लागली. खोकलीही तश्शीच. लोक खो खो हसले. थोरलीच्या नवऱ्यानं घाबरून बायकोकडे पाहिलं. ती जागची हलली नाही.

"नदी गल्लीत शिरली त्या दिवसाचं सांगते. पुरुष माणसं पिठाची पोती उचलत होती. पाव फुगवायच्या आंबवणाचं मडकं कुणाच्या ध्यानात? सासूबाईंच्या सासूचं आंबवण ते. ते गेलं की आमचा पाव गेला. बाहेर पाणी, आत जाळ, मधे मडकं, जसं बाळ..."

धाकटीच्या आवाजात पाणी चढत होतं, जिन्याच्या पायऱ्या एकेक करत बुडत होत्या. आणि मग ती थांबली. कान लाल झाले. कानातलं बोलणं तिनं तसंच पुढं जाऊ दिलं. नंतरचं वाक्य आलं तेव्हा ती घाईघाईनं म्हणाली, "मग पाणी ओसरलं."

"ए!" थोरली ताडकन उठली. लोकांना वाटलं, चालली. पण ती पुढं आली. "खोकला सोडला नाहीस मेला एकसुद्धा, आणि तेवढंच बरं गिळलंस?"

"मला नाही म्हणवत, जाऊबाई."

"का? मी म्हणाले, तुला म्हणायला काय झालं? बाई, मागे घ्या ते."

बाईंनी मागे घेतलं. धाकटीनं डोळे मिटले आणि कानातला आवाज पुटपुटू लागली.

"मोठ्यानं! मागं माझा दीर बसलाय, त्यालाही ऐकू दे."

"धाकटी पोटुशी होती," धाकटी थोरलीच्या आवाजात म्हणाली. "तरी छातीभर पाण्यात उतरली. मडकं तिनं काढलं. मी नुसती जिन्यावर उभी राहून ओरडत होते. नाव माझं झालं, हे आपलं... ते. आमचा पाव आहे तो तिच्यामुळं. तोंडावर कधी सांगितलं नाही. भिंत आहे ना मधे."

धाकटीनं हेडफोन काढला.

"नंतर खोकला होता माझा," थोरली म्हणाली. "तो राहिला."

धाकटी खोकली. मग हसली, मग रडली, आणि यातलं कुठलं रेकॉर्डिंगमध्ये होतं ते बाईंनाही सांगता आलं नाही. थोरलीनं तिला दंडाला धरून पहिल्या रांगेत नेलं आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं, "सरका हो तिकडं. हिला बसू द्या."