मधला तुकडा

बा देवा म्हाराजा, मी मासे सोडले.

(इथे कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणायला हवं. आई बाजाराला गेलीय, घरात मी एकटाच आहे. मी आणि मांजर.)

मांजरही नाही. ते कधीच शेजारच्या यशोदाकाकीकडे राहायला गेलं. त्याचं पुढे येईल.

पुन्हा सुरू करतो.

दिवाळीनंतर एकदा पतपेढीतून येताना किनाऱ्यावर गाडी थांबवली. वाळूत सुरमईची पिल्लं वाळत घातली होती, बोटाएवढी, खतासाठी. पिल्लूसुद्धा सुटणार नाही इतकं बारीक जाळं कोणीतरी विणलं होतं, कोणीतरी ओढलं होतं, आणि त्याच जाळ्यातून आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही पिल्लांबरोबर वाळत होत्या. मी घरी आलो आणि आईला सांगितलं, आजपासून मासे नाहीत. पिशव्याही नाहीत.

एवढंच. यात न समजण्यासारखं काय आहे?

आमच्याकडे मासे सोडणं ही बातमी नव्हे. सोमवारी सोडतात, गुरुवारी सोडतात, संकष्टीला, अख्खा श्रावण. पण प्रत्येक सोडण्याला एक देव असतो आणि एक शेवटचा दिवस असतो. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. म्हणून खानावळीत विचारलं, आज वार कसलो? पतपेढीत विचारलं, माळ घातली का? मामाने कुडाळहून फोन केला आणि आवाज खाली आणून विचारलं, डॉक्टर नक्की काय म्हणाले? मी म्हटलं, मामा, समुद्र संपतोय. मामा म्हणाला, ता ठीक आसा, पण तुझा पोट कसा आसा?

एका जेवणावळीत वाढणाऱ्याने माझ्या भातावर बांगड्याचं सार ओतलं. मी हात आडवा धरला तर म्हणाला, "तुकडो खंय घातलंय? नुसता सार आसा."

देवा म्हाराजा, नुसतं सार.

(कोणी काही म्हणत नाही.)

आई तेवढी ऐकून घ्यायची. जाळ्याची भोकं केवढी असावीत, मासा वाढायला किती काळ लागतो, पिशवी कुठे कुठे जाते, सगळं. 'बरा, बरा' म्हणायची. बाजाराला डबा नेऊ लागली. मला वाटलं, चला, एक माणूस तरी.

आता मांजर.

होळीच्या सुमारास मी ते यशोदाकाकीच्या पडवीत पाहिलं, चांगलं गुबगुबीत. काकी दारोदार मासे विकते, तेव्हा तिच्याकडे मांजर गुबगुबीत होणारच, असं मी म्हटलं. काकीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पिल्लं वाळत घातली होती.

"तुमच्याकडे रवान खायत काय ता? तुझ्या आवशीन दिवाळेपासून एक बांगडो घेवक नाय."

मला कळेना. मी दुपारी कामावर असतो, तेव्हा आई खात असेल, असं मी धरून चाललो होतो. दिवाळीच्या आधी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी तेल, मीठ कमी करायला सांगितलं, पण मासे मुद्दाम खा म्हणून बजावलं होतं. आणि ही बाई माझ्याबरोबर भेंडी खात बसली. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले होते, ते मी पाहिलं होतं आणि ऑपरेशनच्या खात्यात टाकलं होतं.

घरी गेलो. तुला कोणी सांगितलं सोडायला, म्हणून विचारलं. ती म्हणाली, चूल एक आसा. मी म्हटलं, चुलीचा काय संबंध, मी माझ्यापुरतं ठरवलंय, तू खा, उद्यापासून खा, मी स्वतः आणतो. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"उघड बोला नको. सांगल्यार फळ जाता."

तेव्हा उलगडलं. जाळी, पिल्लं, पिशव्या, हे सगळं तिने मी रचलेलं निमित्त समजून ऐकलं होतं. मुलाने आईच्या जिवासाठी मासा सोडला, नवस बोलला, आणि नवस सांगायचा नसतो म्हणून समुद्राच्या गोष्टी करतो. मग घरातल्या दुसऱ्या माणसाने मुकाट्याने त्याला साथ द्यायची.

मी नाही नाही म्हणत राहिलो. प्रत्येक 'नाही' तिला 'हो' ऐकू येत होतं. नवस केलेला माणूस नाहीच म्हणणार.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. आईने लगेच देवळात नारळ द्यायचं ठरवलं. माझा नवस फेडायला.

गाऱ्हाणं बाबूकाका घालतात. देवासमोर नारळ धरून ते सुरू झाले, मागे दहाबारा माणसं.

"बा देवा म्हाराजा, ह्या सावित्रीच्या झिलान आवशीसाठी मासो सोडलेलो..."

"व्हय म्हाराजा."

सावित्रीचा झील म्हणजे मीच, आणि मीसुद्धा म्हणालो. तोंडाला लहानपणापासूनची सवय.

मग ऐकवेना. "काका, थांबा. मी आवशीसाठी सोडूक नाय."

गाऱ्हाणं मध्ये कोणी थांबवत नाही. बाबूकाका वळले. आई माझ्याकडे पाहत होती.

"मगे कोणासाठी?"

"दर्यासाठी."

मी जाळ्याच्या भोकांपासून सुरुवात केली. काकांनी नारळ वर केला.

"भाषण नको. देवाक थोडक्यात सांगूचा लागता." आणि देवाकडे वळून, त्याच सुरात: "बा देवा म्हाराजा, ह्या झिलान दर्यासाठी मासो सोडलो हा. तो तेणा पाळूचो. तेच्या आवशीक तेचा बंधन नाय. तिका मोकळी कर, नि दर्याची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळे म्हणाले. आई सगळ्यांचं झाल्यावर, एकटी म्हणाली.

परतताना ती पुढे चालत होती. वळणावर थांबली.

"म्हंजे माझ्यासाठी नाय?"

"नाय."

मला वाटलं, आता रडेल. पुढे काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो.

"मगे इतके महिने माका भेंडी कित्याक चारलंस रे मेल्या?"

मी तिला किती वेळा सांगितलं होतं, हे सांगायला तोंड उघडलं. ती ऐकायला थांबली नाही. यशोदाकाकीच्या अंगणात शिरली, सुरमई निवडली, वाढलेली, चांगली हातभर. काकीने पिशवी काढली.

"पिशवी नको गो. डबो आसा माझ्याकडे."

दुपारी चुलीवर दोन भांडी होती. एकात माझी काळ्या वाटाण्यांची उसळ. आमच्याकडे मधला तुकडा आधी बाबांना असायचा, बाबांनंतर मला. आईच्या पानात शेपटी. ती तिला आवडते, असं मी तीस वर्षं समजत होतो.

मांजर दारात येऊन बसलं होतं. आईने शेपटी त्याच्यापुढे टाकली, मधला तुकडा आपल्या पानात घेतला आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

वास घरभर पसरला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, देवा म्हाराजा, हेही सांगून ठेवतो.

"उसळ निवता," ती पाठमोरीच म्हणाली. "जेव."