वाटून घेतलेला अभ्यास

थोरलीला धाकट्या जावेचं सगळंच खुपायचं, पण सगळ्यात जास्त खुपायचा तो तिच्याभोवती पिकणारा हशा. नऊ वर्षं थोरली या घरात राबत होती; तिच्या एखाद्या बोलण्यावर सासूबाई हसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. धाकटीला येऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच सासूबाईंना तिच्याशिवाय चहा गोड लागेना.

त्यात दोघी एकाच शाळेत हंगामी शिक्षिका, आणि कायमची जागा एकच. साहित्याच्या परीक्षेत जिला जास्त गुण तिला ती जागा, असं शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगून टाकलं होतं. घर आणि शाळा सांभाळून सगळं वाचणं एकीलाही जमणारं नव्हतं. म्हणून भांडी-कपडे वाटून घेत तसा त्यांनी अभ्यासही वाटून घेतला. जुनी इंग्रजी कॉमेडी धाकटीने वाचायची, आफ्रिकन कविता थोरलीने, आणि मग एकमेकींना शिकवायचं. जिच्याशी स्पर्धा तिच्याच हाती अर्धा पेपर देणं हे एका ओट्यावर स्वयंपाक करणाऱ्या जावांनाच सुचावं.

धाकटीने कॉमेडी शिकवली ती करून दाखवूनच. बायकोवर पाळत ठेवायला आपल्याच कपाटात लपलेला आणि तिथेच अडकून बसलेला संशयी नवरा तिने असा उभा केला की मटार सोलणाऱ्या सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज तिने थेट सासऱ्यांचा काढला होता. सासरे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मी ऐकतोय हं." थोरलीही पोट धरून हसली, आणि आपण हसलो म्हणून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता थोरलीची पाळी आली. कवितेत गावातल्या बायका धान्य कांडताना गाणं म्हणत, आणि त्यांचे पुरुष लांब खाणीत गेलेले. गाण्याची ओळ पुन्हा पुन्हा येई, दरवेळी एका शब्दाने लहान होऊन. गावातली माणसंच कमी होत चाललीत म्हणून ओळ आखडतेय, हे थोरलीला एकटीने वाचताना उमगलं होतं.

"ताई, ही ओळ लहान का होत जाते?" धाकटीने विचारलं.

इतक्या दिवसांत आपल्या एकटीचं असं हेच एक थोरलीला सापडलं होतं. हेही हिला द्यायचं? तिने उशीचा अभ्रा झटकला.

"लयीसाठी," ती म्हणाली. "त्यात काही विशेष नाही."

पेपरात नेमकी तीच ओळ आली. थोरलीने दोन पानं भरली. मग कॉमेडीचा प्रश्न: मत्सरी माणूस हास्यास्पद का वाटतो? कपाटातला नवरा, सासऱ्यांचा आवाज, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि ती हसत हसत लिहीत गेली. पर्यवेक्षक दोनदा तिच्याकडे बघून गेले.

पेपर सुटला तेव्हा फाटकाशी धाकटी उभी होती. तिने थोरलीच्या हातातली पिशवी सवयीने आपल्याकडे घेतली.

"ती ओळ आली की हो, ताई. मी आधी वेड्यासारखं भलतंच लिहिलं होतं. म्हटलं, गावात माणसंच उरली नाहीत, म्हणून गाणं आखडत जातंय. चांगलं पानभर लिहिलं. मग आठवलं, तुम्ही लयीसाठी म्हणाला होतात."

"मग?"

"मग खोडलं. कवितेतलं तुम्हालाच जास्त कळतं ना."

तुझंच बरोबर होतं, हे ओठांवर आलं असताना थोरलीने हात पुढे करून आपली पिशवी परत घेतली.

"आणि कॉमेडी कशी गेली तुम्हाला?" धाकटीने विचारलं.

"तू शिकवलीस तशीच लिहिली," थोरली म्हणाली. "सगळी."

धाकटी खूश झाली आणि रस्त्याने पुन्हा सासऱ्यांच्या आवाजात बोलू लागली. या वेळी थोरलीला हसू आलं नाही.