जावयाचा भांग

त्या घरात रविवार उजाडायचा तो तेलाच्या वासाने. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. हाताशी कोमट तेलाची वाटी आणि पुढ्यात एक बुटकं स्टूल. त्या स्टुलावर तिन्ही मुलं पाळीपाळीने येऊन बसायची. मुलं म्हणायची ती आपली सवयीने. थोरला घड्याळं दुरुस्त करायचा आणि त्याच्या कानशिलांवर पांढरं उतरलेलं होतं. मधली लग्न होऊन वरच्याच मजल्यावर नवऱ्याबरोबर राहत होती. धाकटा एवढी मोठी बस चालवायचा. पण स्टुलावर टेकलं की तिघांचीही वयं गळून पडत. आईची बोटं केसांत शिरायचा अवकाश, तोंडं आपोआप उघडायची. कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोणाला कसली धास्ती लागलीये, सगळं तिथे बाहेर पडायचं आणि सासूबाई चोळता चोळता प्रत्येकाची यथास्थित खरडपट्टी काढायच्या. खरडपट्टी झाली की टाळूवर दोन थापा, आणि पुढचा.

जावई समोरच्या चांगल्या खुर्चीत बसून हे सगळं बघायचा. त्याला पहिला चहा मिळे, बशीसकट. त्याच्याशी सासूबाई हळू आवाजात, अदबीने बोलत. स्टुलावर मात्र त्याला कोणी बोलावलं नव्हतं आणि त्यात कोणाचं काही चुकतही नव्हतं, कारण लग्नाच्या वेळीच त्याचं कपाळ मागे सरकत सरकत टाळूपर्यंत पोचलं होतं. चोळायचं कशाला? आई लहानपणीच गेली, तो वसतिगृहात वाढला. तिथे न्हावी यायचा तो ओळीने सगळ्यांच्या डोक्यांवरून मशीन फिरवून जायचा. आपल्या डोक्यावर मायेने कोणी हात ठेवल्याचं त्याला आठवत नव्हतं. मायेने कोणी झापल्याचंही आठवत नव्हतं.

म्हणून त्याने डोक्यावर केस लावून घ्यायचं ठरवलं, तेव्हा खरं कारण कोणाला सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाने, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या, तारांना लोंबकळून काम करणाऱ्या माणसाने, सासूकडून तेल लावून घ्यायचंय म्हणून डोक्यात हजारो भोकं पाडून घ्यावीत, हे सांगायला जीभ रेटेना. लोकांनी आपापली कारणं शोधली. कामावरचे म्हणाले, साहेबाला आता हिरो व्हायचंय. धाकटा मेहुणा म्हणाला, “भाऊजी, मागचे काढून पुढे लावले म्हणजे एका खिशातलं दुसऱ्या खिशात. त्यात वाढलं काय?” बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, “दुखेल का रे फार?”

दुखलं थोडं, पण उस्तवारच जास्त. पुढचे काही दिवस बायकोने त्याचं डोकं काचेच्या भांड्यासारखं सांभाळलं. पाठीशी उशांचा डोंगर रचून त्याला बसता बसता झोपवायचं, डोक्यावर अधूनमधून पाण्याचा फवारा मारायचा, धुताना साबणाचा फेस नुसता वर ठेवायचा आणि मगाने पाणी असं सोडायचं की धार म्हणून लागू नये. पुसायचं नाही, टिपायचं. वाकायचं नाही. नखं लावायची नाहीत. आणि तेल तर डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत अजिबात नाही. डोक्यावर हेल्मेट चालेना, म्हणून कामावर त्याला फोनवर बसवलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना धीर द्यायचं काम. “काका, घाबरू नका, माणूस निघालाय, तोवर तुमच्या नातवंडांची नावं सांगा,” असं तो इतक्या मऊपणे बोले, की एक काका सुटका झाल्यावरही फोन ठेवेनात.

खपल्या गेल्या आणि डोक्यावर बारीक बारीक केस उभे दिसायला लागले. सासूबाई लांबून बघायच्या आणि समाधानाने मान हलवायच्या. त्यांच्या हातांची चाललेली चुळबुळ मात्र जावयाच्या नजरेतून सुटत नव्हती.

एका रविवारी जेवण झाल्यावर तो खाली सासूबाईंच्या खोलीत आरामखुर्चीत डोळे मिटून पडला होता. दोघे मेहुणे बाहेर गेलेले, बायको वर कपडे वाळत घालत होती. पावलांचा आवाज आला. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग पुटपुटल्या, “किती कोरडं पडलंय हे.” आणि वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

त्याला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. नुसतं हूं केलं असतं तरी झालं असतं. त्याने हूं केलं नाही. डोळे मिटून, श्वास झोपेतल्यासारखा लांब सोडत तो पडून राहिला. तेलात भिजलेलं बोट टाळूवर टेकलं, इतकं हलकं की पिसानेही लाजावं, आणि गोल गोल फिरत कपाळापर्यंत आलं. थोड्या वेळाने पावलं निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात केस गळायला लागले.

आता हे गळणं ठरलेलंच होतं. लावलेले केस एकदा गळतात, मुळं आत राहतात, आणि काही महिन्यांनी नवे उगवतात, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला पहिल्या दिवशीच समजावलं होतं. पण ते त्याने घरी कोणाला सांगितलं नव्हतं. आधीच एवढी चेष्टा, त्यात आणि लावून घेतलेले गळणार आहेत म्हटल्यावर धाकट्याने जगणं मुश्कील केलं असतं. त्यामुळे उशीवर केसांचा सडा पडलेला पाहून बायको हबकली, धावत खाली गेली आणि आईला म्हणाली, “सगळं मुसळ केरात गेलं गं.” सासूबाई मटकन खाली बसल्या.

पुढच्या रविवारी तेलाचा वास आला नाही. थोरला सवयीने येऊन स्टुलावर बसला, तर सासूबाई म्हणाल्या, हात दुखतो. त्यापुढच्या रविवारीही हात दुखला. स्टूल पलंगाखाली गेलं.

आणि मग त्या घराला काय झालं कोणास ठाऊक. थोरला आणि धाकटा बाथरूमच्या खिळ्यावरून भांडले. खिळा कोणाच्या टॉवेलचा, एवढाच प्रश्न, पण दोघांचा अबोला सुटेचना. जी धुसफूस रविवारी स्टुलावर निचरून जायची, ती आता ताटावर, जिन्यात, दाराच्या कडीवर निघायला लागली. जावयाची बायकोही कारण नसताना फणकारायची. सासूबाई कोणालाच रागवेनात. गप्प गप्प राहायच्या, आणि पोरांना तेच जास्त जड जायचं.

शेवटी लेकीने आईला एकटीला गाठलं. वर येऊन नवऱ्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. तू झोपलेला असताना आईने तुझ्या डोक्याला तेल लावलं. तिला वाटतंय तिच्या हातानेच गेले केस. तिने नेम धरलाय, तुझ्या डोक्यावर स्वच्छ भांग पडेपर्यंत तेलाच्या वाटीला हात लावायचा नाही.

तो तसाच खाली गेला आणि सासूबाईंना समजावून सांगितलं, की हे केस गळणारच होते, तेलाचा त्यात काही दोष नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही स्वभावानेच चांगले, तुम्ही असंच म्हणणार. त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला. त्याही तेच बोलल्या. फोन ठेवून सासूबाई लेकीला म्हणाल्या, बाई गोड आहे हो, जावयानं पढवलेली असणार. आणि समजा खरं असलं, तरी धरलेला नेम मध्येच सोडून कसा चालेल?

एक गोष्ट मात्र तो बोलला नाही. आपण जागे होतो, ती. ती ओठांपर्यंत यायची आणि परत जायची.

मग सगळं घर त्याच्या डोक्याकडे डोळे लावून बसलं. घड्याळवाला थोरला डोळ्याला भिंग लावून रोज संध्याकाळी तपासणी करायचा. आधी नुसताच “हं” म्हणायचा, पण एके दिवशी ओरडला, “आहे, आहे, एक आहे. कपाळाच्या वर. कुरळा.” धाकटा अबोला विसरून भिंग ओढायला धावला. दोघांची डोकी जावयाच्या डोक्यावर एकमेकांना आपटली, आणि खिळ्याचं भांडण तिथेच मिटलं.

केस आले, पण काय तऱ्हेचे! राठ, वळणावळणाचे, एकाचं तोंड खिडकीकडे तर दुसऱ्याचं दाराकडे. सुरुवातीला असेच येतात, पुढे मऊ होतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हलकं तेल लावायलाही आता हरकत नाही म्हणाल्या. पण घरच्यांना धीर कुठला. भांग पडला पाहिजे. बायकोने मऊ दातांचा कंगवा आणला. ओले करून पाडला, सुकल्यावर मिटला. हलक्या गार वाऱ्यावर वाळवून पाडला, तो जिना उतरेपर्यंत टिकला. धाकट्याने आपल्याकडचा जेल लावून पाहिला, तेव्हा जावई साळिंदरासारखा दिसायला लागला आणि बायकोने धाकट्याला लाटणं घेऊन घरभर पळवलं. थोरल्याने सुचवलं, उजवीकडून पाडा, केसांचा कल तिकडे आहे. ते मात्र खरं निघालं. पुढचे सगळे केस एका दिशेने झुकलेले होते, आणि हे लोक इतके दिवस त्यांना उलट्या दिशेने ढकलत होते.

मग न्हाव्याकडून लांबी सारखी करून घेतली. त्याने कात्री फिरवण्याआधी विचारलं, खरे का? आणि खरे आहेत म्हटल्यावर ओढून बघायची परवानगी मागितली. ती कोणी दिली नाही. आणि एका सकाळी, दिव्याखाली, त्या डोक्यावर उजव्या बाजूने एक पांढरी, सरळ, बारीकशी रेघ उमटली. वाट निघावी तशी.

सगळी वरात खाली आली. सासूबाईंनी चष्मा लावला, डोकं प्रकाशाकडे वळवायला लावलं आणि किती तरी वेळ बघत राहिल्या. मग चष्मा काढून पदराने पुसला, खरं म्हणजे डोळेच पुसले.

त्या रविवारी घरात पुन्हा तेलाचा वास आला. पलंगाखालून स्टूल निघालं. थोरला बसला, बोलणी खाऊन उठला. धाकटा बसला, त्याचं खिळ्याचं प्रकरण नव्याने उकरून त्याला सणसणीत ऐकवलं गेलं. बायको बसली, तिलाही सोडलं नाही. तिघं कशी उजळून निघाली. मग सासूबाईंनी वाटीवर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, “चला, चहा ठेवते. जावयांना पहिला.”

बायको म्हणाली, “अगं आई, ह्याला लाव ना. आता डॉक्टरही हो म्हणाल्यात.”

“नको गं बाई,” सासूबाई म्हणाल्या. “एवढे नशिबाने परत आलेत. त्या डोक्याला मी या जन्मात हात लावायची नाही.”

चांगली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली गेली. तो बसला नाही. महिनोन्‌महिने ज्याच्यासाठी एवढं सोसलं, ते झाकणाखाली निघून चाललं होतं, आणि आत्ता बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे त्याला कळलं. तो सरळ जाऊन बुटक्या स्टुलावर बसला. गुडघे हनुवटीशी आले. सासूबाईंकडे पाठ होती, म्हणून बोलता आलं.

“आई, त्या दिवशी मी झोपलो नव्हतो. जागा होतो.”

तो तसाच पुढे बोलत राहिला.

“तुमचं बोट लागायच्या आधीपासून जागा होतो. थांबवता आलं असतं. पण मला हवं होतं. ह्याच्यासाठीच तर केस लावून घेतले मी.”

बायकोने तोंडावर हात ठेवला होता.

“जागे होतात?” सासूबाईंचा आवाज आला, हळू. मग जरा चढला. “जागे होतात आणि मला सांगितलं नाहीत? इतके महिने मी तोंडात घास घालताना विचार करतेय, की माझ्या हातांनी पोराचं वाटोळं केलं. आणि तुम्ही वर बसून भांग पाडताय. लाज नाही वाटली? आणि तेलच हवं होतं तर तोंड नव्हतं का? टकलाला काय तेल लावता येत नाही? मी नाही म्हणाले असते का? त्यासाठी डोक्याची चाळण करून घेतलीस, गाढवा?”

वाटीवरचं झाकण खणकन बाजूला पडलं आणि दोन्ही तळहात त्याच्या डोक्यावर आले, हलके नव्हे, चांगले भरदार. बोटं केसांत शिरली. बोलणं चालूच होतं. लिफ्टच्या तारांना लोंबकळतोस ते आधी बंद कर, पोरगी माझी जिवाला घोर लावून बसते. सकाळी उपाशी कामाला जातोस ते कळलंय मला. बायकोपासूनही गोष्टी लपवतोस, ही कुठली रीत? आणि त्या मोज्यांना भोकं किती पडलीत ती. तो मान खाली घालून “हो आई, नाही आई” करत होता, आणि चेहरा असा फुलला होता, की बायकोला बघवेना आणि नजरही काढवेना. तेलाचा एक ओघळ भांगातून निघून नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. तो त्याने पुसला नाही.

टाळूवर दोन थापा बसल्या. तरी तो उठेना. थोरला दाराशी खाकरला. मघाशी त्याचं एक सांगायचं राहून गेलं होतं म्हणे. धाकटा त्याच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने जावयाच्या खांद्याला ढोसलं.

“ए भाऊजी, ऊठ की आता. का तिथेच मुक्काम करतोयस?”

जावई हसत थोडा सरकला, पण उठला नाही.