चंद्रीचं काम अंगणातच

आमच्या गावात गाय माजावर आली की बायकांनी घरात जायचं आणि दार लावून घ्यायचं. वळू आणायचे तेव्हापासूनची ही रीत. आता वळू येत नाही, दवाखान्याचे सर मोटरसायकलवर येऊन कृत्रिम रेतन करून जातात, तरी दार लागतंच. शेण आम्ही काढायचं, धार आम्ही काढायची, गाय व्याली की तिचं सगळं आम्हीच करायचं. तेवढं एक काम मात्र डोळ्यांनी बघायचंही नाही. मला या दाराचा लहानपणापासून राग आहे.

मी पशुधन पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रशिक्षणासाठी एकोडीच्या जनावरांच्या दवाखान्यात प्रवीण सरांच्या हाताखाली असते. बाबांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, लस टोच, कानात बिल्ले मार, पण रेतनाचं काम आपल्या गावात करायचं नाही. "बाहेरगावी काय कराचं ते कर. इथं मले लोकायले तोंड दाखवा लागते." मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. मला काम याच गावात करायचंय. इथल्याच गायीला मी हात लावला नाही, तर उद्या मला बोलावणार कोण?

सोमवारी सकाळी फोन आला तो आमच्याच घरून. आमची गाय चंद्री माजावर येऊन हंबरत होती. मागच्या दोन्ही खेपांना वेळ हुकली होती, आता पुन्हा हुकून चालणार नव्हतं. सरांनी गाडी काढली, मी मागे बसले.

अंगणात बाबा होते आणि शेजारचे भय्याजी. कुणाच्याही गोठ्यात काही असलं की भय्याजी बिनबोलावता हजर. आई आत गेली होती, दार लोटलेलं होतं. सरांनी हातमोजा माझ्या हातात दिला.

"सर, तुमीच करा ना," बाबा म्हणाले.

"अंजूचा हात बसला आता. मी उभा आहो इथंच."

"अंजू, घरात जाय."

भय्याजी बाबांकडे बघून हसले. "मानसायसमोर पोट्टी गायीत हात घालन? ताराचंद, लगन कराचं हाय ना इचं?"

माझं डोकं फिरलं. "काका, कायले हासून राहिले? हे काम मी शिकली आहो. ज्याले लाज वाटते त्यानं घरात जावं. दार लावून घ्यावं."

भय्याजी उठले, चपला अडकवल्या आणि तरातरा कुंपणापलीकडे गेले. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग खरोखरच घरात गेले आणि त्यांनी दार लावलं. मला फार वाईट वाटलं. तरी मी मोजा खांद्यापर्यंत ओढला.

तेवढ्यात दार पुन्हा वाजलं. आई बाहेर आली, पदर खोचला आणि चंद्रीचं शेपूट बाजूला धरून उभी राहिली.

सरांनी कोमट पाण्यातली वीर्याची नळी पुसून रेतनाच्या लांब गनमध्ये भरून दिली. माझा डावा हात शेणाच्या वाटेनं कोपरापर्यंत आत गेला. कोंबडीच्या मानेसारखं गर्भाशयाचं तोंड मुठीत आलं. उजव्या हातानं गन सरकवली, ती अडली. चंद्रीनं लाथ झाडली. मी दम घेतला, हळूच पुन्हा सरकवली. गेली.

"झालं काय?" आईनं विचारलं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच ती हे बघत होती.

"झालं."

आई कुंपणाकडे वळली. पलीकडे भय्याजी पाठ करून उभे होते.

"भय्याजी भाऊ!" सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात ती ओरडली. "तुमची म्हैस कालपासून रेकून राहिली. आना इकडे. पोरगी मोकळी हाय."