तुंबलेला पाइप

समुद्राच्या तळावरून बटाट्याएवढे काळे गोळे पाण्याबरोबर पाइपातून जहाजावर खेचले जात. त्यांत कोबाल्ट, निकेल असलं घबाड. म्हणून काम थांबलं की कंपनीच्या साहेबांचा जीव वरखाली होई. त्या सकाळी पाइप तुंबला आणि मुकादमाचा पारा चढला.

जहाजावरची क्रेनवाली त्याची बायको, आणि फिटर तिचा धाकटा भाऊ. "माहेर-सासर एकाच डेकवर," म्हणून सगळे तिची चेष्टा करत.

फिटर सांध्याचे बोल्ट सैल करायला बसला. "भावोजी, मी हाक मारेपर्यंत पंपाला हात लावू नका."

"मला शिकवू नकोस. आटप लवकर!"

रेडिओवरून साहेब मुकादमाची खरडपट्टी काढतच होते. एका जोराच्या धक्क्यानं पाइप मोकळा होईल, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. क्रेनच्या केबिनमधून तिला सगळं स्पष्ट दिसलं: नवऱ्यानं भावाकडे पाहिलं, आणि त्याच्याकडे बघतच पंप चालू केला.

"अहो, थांबा!" ती घसा फोडून ओरडली.

सांधा फाटला. गोळे तोफेतून सुटावेत तसे सुटले. पहिल्यानं भावाचा जबडा फोडला, दुसऱ्यानं छाती. तो कठड्यावर आपटून खाली कोसळला. ती शिडीवरून धडपडत उतरली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. "ताई" म्हणायला त्याला जबडाच उरला नव्हता. थोड्याच वेळात बुडबुडेही थांबले.

"मला वाटलं, तो बाजूला झालाय," मुकादम म्हणाला.

तिनं भावाचा पाना उचलला. पहिला घाव नवऱ्याच्या गुडघ्यावर बसला, कडकन आवाज झाला. तो पडला. पंप चालू करणारा हात तिनं डेकवर दाबून धरला आणि बोटांचा चेंदामेंदा होईपर्यंत हाणत राहिली. तो गुरासारखा ओरडत होता. आचारी आणि दोन खलाशी तिला ओढत होते, तरी ती हटेना.

कप्तान धावत आला. "घरातलं भांडण आहे, आपसात मिटवू. पाइप फुटला, त्यात एक गेला, एकाला लागलं, असं कळवतो."

"कळवा, पण खरं कळवा," ती धापा टाकत म्हणाली. "याचा हात मी मोडला. आणि माझ्या भावाला यानं मारलं."

दुपारी तिघांना एकाच बोटीत बसवून किनाऱ्याकडे पाठवलं. मधे ताडपत्रीत गुंडाळलेला भाऊ. मुकादम हुंदके देत म्हणाला, "तुझ्या आईला काय सांगू गं मी?"

"तू काही सांगायचं नाहीस," ती म्हणाली. "मी सांगेन."

लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला अरे-तुरे केलं होतं. भावाच्या अंगावरची ताडपत्री वाऱ्यानं उडू लागली, तशी तिनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.